नकाराचे सौजन्य

मद्यपानाचा विचार आपल्याकडे बहुधा तीन अंगांनी होत आला आहे. धर्मशास्त्राने त्याला पातक मानले, वैद्यकाने त्यात व्याधी पाहिली आणि राज्यसंस्थेने त्याला कधी महसुलाचे तर कधी बंदीचे प्रकरण केले. या तिन्ही विचारांत एक गृहीत समान आहे. पिणारा माणूस एकटा आहे. त्याच्यापुढे पेला आहे. आणि निर्णय या दोघांत व्हायचा आहे, असे ते गृहीत. प्रत्यक्षात पेला क्वचितच एकट्याचा असतो. तो कोणीतरी भरून दिलेला असतो, कोणाच्या तरी समोर उचललेला असतो आणि त्याच्याभोवती वर्षानुवर्षांच्या गप्पा, उसनवारी, रुसवेफुगवे आणि निष्ठा यांचे जाळे विणलेले असते. म्हणूनच मद्य सोडू पाहणाऱ्याला दोन गोष्टी सोडाव्या लागतात असे लोक धरून चालतात: एक पेला आणि दुसरी त्याभोवतीची माणसे. पहिली सोडून दुसरी राखता येते काय, आणि येत असल्यास ती कोणाच्या बळावर राखली जाते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. वरवर पाहता हा शिष्टाचाराचा प्रश्न वाटेल. परंतु बदललेल्या मित्राचे आपण काय देणे लागतो, हा त्याच्या पोटातला प्रश्न नीतीचाच आहे.

आपल्या परंपरेत मद्य सोडणारा एक ठळक पुरुष म्हणजे शुक्राचार्य. महाभारताच्या आदिपर्वातील कथा सर्वश्रुत आहे. असुरांनी कचाला जाळून त्याची राख मद्यात कालवली आणि ते मद्य खुद्द गुरूला पाजले. शुद्धीवर आल्यावर शुक्राचार्यांनी पुढील काळात मद्य पिणाऱ्या ब्राह्मणाला ब्रह्महत्येइतके पातक लागेल अशी मर्यादा घालून दिली. या कथेकडे मद्यनिषेधाचे मूळ म्हणून पाहिले जाते. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. शुक्राचार्यांचा घात केवळ मद्याने केला नव्हता. तो त्यांच्या हाती विश्वासाने पेला देणाऱ्यांनी केला होता. तरी कथेत दोष लागतो तो मद्याला. आणि स्वतःला झालेला पश्चात्ताप त्यांनी तत्क्षणी इतरांसाठी नियमात रूपांतरित केला. मद्य सोडणाऱ्या प्रत्येकासमोर हा मोह उभा असतो. माझा निश्चय मला एकट्याला पेलत नाही, म्हणून मी तो सर्वांवर घालतो. या क्षणी मित्र हा मित्र राहत नाही, तो उपदेशाचा विषय होतो.

नियमाचे पुढे काय होते तेही महाभारतानेच सांगितले आहे. मौसलपर्वात द्वारकेत मद्य गाळण्यास बंदी होते, आणि ती मोडणाऱ्याला सुळाची शिक्षा सांगितली जाते. भयाने सारे यादव ती पाळतात. पण तेच यादव प्रभासक्षेत्री एकत्र जमतात, पितात, जुनी उणीदुणी काढतात आणि एकमेकांना संपवतात. राजाज्ञेने त्यांच्या घरातील मद्य हटले होते. त्यांच्या सोबतीचे स्वरूप पालटले नव्हते. आपल्या महाराष्ट्राने १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यापासून परवान्यांच्या अनेक पायऱ्या पाहिल्या. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये आलेली बंदी २०२१ मध्ये उठलेली पाहिली. कायदा निरर्थक असतो असे मला म्हणावयाचे नाही; ज्या स्त्रियांनी आडव्या बाटलीसाठी मतदान केले त्यांना त्याचा अर्थ आपल्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. मात्र कायदा दुकान बंद करू शकतो, बैठक बदलू शकत नाही.

बैठकीचे हे सामर्थ्य मराठीत राम गणेश गडकऱ्यांइतके कोणी ओळखले नाही. ‘एकच प्याला’ १९१९ च्या फेब्रुवारीत, गडकऱ्यांच्या निधनानंतर महिन्याभरात, गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. तेव्हापासून हे नाटक दारूच्या दुष्परिणामांचे नाटक म्हणून पाहिले व शिकवले गेले. त्याच्या शीर्षकाकडे मात्र आपण पुरेसे लक्ष दिले नाही. ‘एकच’ हा शब्द दारूच्या परिभाषेतला नाही. तो पंक्तीतला आहे. ‘एकच जिलबी’, ‘एकच घास, माझ्याखातर’ अशी आपली आग्रहाची भाषा आहे आणि आग्रह हा मराठी आतिथ्याचा अलंकार मानला जातो. समोरच्याचा पहिला नकार हा नकार नसतोच, तो संकोच असतो, हे त्या आतिथ्याचे गृहीत आहे. सनद तहकूब झाल्याने दुखावलेल्या सुधाकरापुढे तळीराम पेला धरतो तो वैऱ्याच्या आविर्भावात नव्हे. तो दुःखात धावून आलेल्या माणसाच्या जिव्हाळ्याने धरतो. तळीरामाचे आर्यमदिरामंडळ आपण हसण्यावारी नेतो. पण ज्याला प्रतिष्ठितांनी दूर लोटले आहे त्याला बसावयास जागा देणारी त्या नाटकातील ती एकमेव संस्था आहे, हे विसरून चालणार नाही.

याहून महत्त्वाचा भाग सुधाकराच्या शपथेनंतरचा. तो खरोखरच दारू सोडतो आणि कामधंदा मागण्यासाठी सभ्य माणसांच्या दाराशी जातो. तेथे त्याच्या पदरी उपहास पडतो आणि तो पुन्हा पेल्याकडे वळतो. रूढ समीक्षेने हा प्रसंग सुधाकराच्या दुर्बल मनाचा पुरावा मानला. मला तो समाजाविरुद्धचा पुरावा वाटतो. सुधाकराला पिणारे सोडत नाहीत आणि न पिणारे जवळ करीत नाहीत. दारू सोडल्यावर त्याने जायचे कोठे, या प्रश्नाला त्या समाजापाशी उत्तर नाही. गडकऱ्यांनी त्याला मारले ते दारूने, पण त्याआधी तो मध्येच उभा राहून निराधार झालेला आहे.

हाच पेच बंगालने मराठीच्या आधी, आणि अधिक उघडपणे, अनुभवला होता. एकोणिसाव्या शतकातील कलकत्त्यात इंग्रजी शिकलेल्या तरुणांच्या दृष्टीने मद्यपान हे निव्वळ सुख नव्हते. ते मताचे प्रकटीकरण होते. राजनारायण बसूंनी आत्मचरित्रात नोंदवले आहे की, ब्राह्मधर्माचा स्वीकार करतेवेळी आपण जातिभेद मानत नाही हे दाखविण्यासाठी बिस्किटे आणि शेरी आणवली होती. एकाच पेल्यातून पिणे ही जात मोडल्याची ग्वाही होती. अशा मंडळात पेला नाकारणारा माणूस जुन्या कर्मठांच्या पक्षाला गेला असे समजले जाण्याचा संभव होता. प्यारीचाँद मित्रांनी टेकचाँद ठाकूर या नावाने १८५९ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाचे नावच ‘मद खाओया बड दाय, जात थाकार कि उपाय’ असे आहे. दारू पिणे ही मोठी आपत्ती, मग जात राहावी कशी, असा त्याचा आशय. सोबत आणि मद्य यांची गाठ किती घट्ट बसली होती हे त्या एका शीर्षकावरून कळावे. पुढे त्याच राजनारायणांनी मेदिनीपूरला मुख्याध्यापक असताना सुरापान-निवारणी सभा स्थापली आणि १८६० च्या दशकात प्यारीचरण सरकारांनी कलकत्त्यात मद्यनिवारणाची संस्था उभारली. ज्यांनी पेल्याला मुक्तीची खूण मानले त्यांच्याच पिढीला ती खूण पुसावी लागली. सुधारणेचा गाभा जात मोडून एकत्र बसण्यात होता. शेरी हे केवळ निमित्त होते, हे समजण्यास त्यांना वीस वर्षे लागली.

या संदर्भात हावड्याच्या बाजूने दोन उदाहरणे मला विशेष बोलकी वाटतात. पहिले गिरीशचंद्र घोषांचे. बंगाली व्यावसायिक रंगभूमीचा हा जनक (१८४४–१९१२) अट्टल मद्यपी म्हणून प्रसिद्ध होता. १८८९ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘प्रफुल्ल’ नाटकातील योगेश हा आपल्या सुधाकराचा तीस वर्षांनी वडील भाऊ शोभावा असा आहे. बँक बुडाल्यावर हा सालस, कर्ता पुरुष दारूत बुडतो आणि त्याच्यासह सारे घर. विशेष असे की, हे नाटक लिहिणारा स्वतः त्या वाटेवरून परतत होता. हुगळीच्या पश्चिम तीरावर, आजच्या हावडा जिल्ह्यात, बेलूर येथे १८९८ मध्ये ज्यांच्या नावाने मठ उभा राहिला, त्या श्रीरामकृष्णांनी गिरीशबाबूंना दारू सोडण्याची आज्ञा कधी केली नाही, असे रामकृष्ण-परंपरा सांगते. त्यांनी केले ते एवढेच की, पिऊन आलेल्या गिरीशला दाराबाहेर ठेवले नाही. न पिणाऱ्यांच्या बैठकीत पिणाऱ्याला जागा मिळाली आणि कालांतराने सवय गळून पडली. गिरीशबाबूंनी रंगभूमी सोडली नाही, नटनट्यांची संगत सोडली नाही. अखेरपर्यंत ते नाटकाचेच राहिले. सुधाकराला जे दार बंद मिळाले ते गिरीशला उघडे मिळाले. या दोघांच्या मनोबलात जो फरक असेल तो असो. त्यांच्या दैवातील मोठा फरक त्या दाराचा आहे.

दुसरे उदाहरण शरच्चंद्रांचे. ब्रह्मदेशातून १९१६ मध्ये परतल्यावर ते हावड्यातील बाजे-शिबपूर येथे सुमारे दहा वर्षे राहिले आणि नंतर त्याच जिल्ह्यात रूपनारायण नदीकाठी सामताबेड येथे त्यांनी घर बांधले. ‘देवदास’ १९१७ मध्ये पुस्तकरूपाने आला. मामा वरेरकरांच्या अनुवादांमुळे शरच्चंद्र मराठी घरांत आपल्याच लेखकासारखे वाचले गेले, म्हणून देवदास आपल्याला परका नाही. आपण त्याला प्रेमभंगाने पिणारा समजतो. परंतु कादंबरीतील एक साधी गोष्ट सहसा नजरेतून सुटते: तो मध्यंतरी दारू सोडतो. आजारातून उठतो, वैद्यांचे ऐकतो, धर्मदासाला घेऊन हिंडतो. मग बऱ्याच काळाने चुनीलालची गाठ पडते आणि संयम ढळतो. पार्वतीच्या आठवणीने जे झाले नाही ते जुन्या सोबत्याच्या भेटीने होते. चुनीलाल दुष्ट नाही. त्याचे देवदासावर खरे प्रेम आहे. पण ते प्रेम व्यक्त करण्याची एकच भाषा त्या दोघांना येते. आणि ज्या लेखकाने हे लिहिले तोच १९२१ पासून हावडा जिल्हा काँग्रेसचा अध्यक्ष होता, असहकाराच्या त्या काळात, जेव्हा दारूच्या गुत्त्यांवरील निरोधने हा काँग्रेसच्या कार्यक्रमाचा भाग होता. निषेधाची चळवळ चालविणाऱ्या पक्षात असूनही शरच्चंद्रांनी चुनीलालला खलपुरुष केले नाही, याला मी त्यांची नैतिक प्रौढी मानतो.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावयास हवा. कोणी म्हणेल की, जुन्या सोबतीत राहून मद्य सोडण्याचा हट्टच चुकीचा आहे. शहाण्याने सोबतच बदलावी. आपल्या परंपरेने हाच मार्ग चोखाळला. वारकरी माळ घालतो तेव्हा मद्यमांस सोडतो, पण त्याच वेळी त्याला दिंडी मिळते, सोबत टाळ धरणारे हात मिळतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत मद्य न पिण्याची प्रतिज्ञा होती. ती उच्चारणारे लाखो लोक एकाच वेळी नव्या समाजाचे घटक होत होते. अमेरिकेत १९३५ मध्ये दोन मद्यपींनी एकमेकांच्या आधाराने सुरू केलेल्या ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’चे सूत्र तेच, आणि पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता व अनिल अवचटांनी सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’चेही बळ माणसाला पुन्हा माणसांत बसविण्यात आहे. ज्याच्या शरीराने मद्याची गुलामी पत्करली आहे त्याने निदान काही काळ जुन्या बैठकीपासून दूर राहावे, हे व्यवहारज्ञान आहे. त्याला मित्रप्रेमाची परीक्षा देण्यास सांगणे क्रूरपणाचे होईल.

परंतु सगळेच सोडणारे व्याधिग्रस्त नसतात, आणि सगळ्यांना नवा पंथ नको असतो. कोणाला आपल्या सायंकाळा परत हव्या असतात. कोणाला मुलांसमोर तोंड लपवायचे नसते. कोणाला फक्त आपण सोडू शकतो एवढे पाहायचे असते. हावडा–नागपूर लोहमार्गाने ज्या मराठी माणसांना पूर्वेकडे आणले त्यांपैकी शिबपूरला स्थायिक झालेले माझे एक स्नेही आहेत. पन्नाशीनंतर त्यांनी मद्य सोडले आणि शनिवारची बैठक मात्र सोडली नाही. त्यांनी मला सांगितलेले एक निरीक्षण मननीय आहे. बैठकीत पहिला प्रश्न आला तो ‘डॉक्टरांनी सांगितलं का?’ हा. ‘हो’ म्हटले असते तर सर्वांनी सहानुभूती दाखवून विषय संपवला असता. ‘नाही, मला वाटलं म्हणून’ असे उत्तर दिल्यावर शांतता पसरली, मग थट्टा सुरू झाली आणि ती दोन-तीन महिने चालली. सक्तीने सोडणाऱ्याला समाज क्षमा करतो; स्वेच्छेने सोडणाऱ्याकडे संशयाने पाहतो. कारण सक्ती केवळ त्या माणसाविषयी काही सांगते, पण निवड सर्वांविषयी काही सांगते: निवड शक्य आहे, म्हणजे ती तुम्हालाही शक्य आहे. न बोलताही त्याचा पेला प्रश्न विचारतो.

पिणाऱ्यांची ही अस्वस्थता खोटी नाही. बैठकीचा एक अलिखित करार असतो. सारेच थोडे सैल होतील, सारेच थोडे मूर्ख ठरतील, आणि म्हणून कोणीच कोणाचा हिशेब ठेवणार नाही. जो शुद्धीत राहतो तो या करारात बसत नाही. तो साक्षीदार होतो. मध्यरात्री कोण रडले, कोणी कोणाच्या बायकोविषयी काय म्हटले, हे त्याला सकाळी आठवणार असते. म्हणून माझ्या मते मद्य सोडून मैत्री राखू पाहणाऱ्याचे पहिले कर्तव्य संयम नसून विस्मरण आहे. जे पाहिले ते न पाहिल्यासारखे करण्याची शालीनता त्याला कमवावी लागते. मद्याने जे इतरांना फुकट मिळते ते त्याने जाणीवपूर्वक द्यावयाचे असते. हे ज्याला जमत नाही, ज्याला दुसऱ्या दिवशी आपल्या निर्मळपणाचा हलकासा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही, तो पेला सोडूनही मदातून सुटलेला नसतो. आपल्या भाषेत ‘मद’ हा शब्द धुंदीलाही आहे आणि गर्वालाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

उलट बाजूने यजमानाचे कर्तव्यही तितकेच स्पष्ट आहे: आग्रह न करणे आणि कारण न विचारणे. प्लेटोच्या ‘सिम्पोझियम’ या संवादाचे नावच मुळी सहपानाचे आहे. पण त्या रात्री जमलेले पाहुणे आदल्या दिवसाच्या पानाने थकलेले असतात, म्हणून आरंभीच ठरते की कोणावर सक्ती नाही, ज्याला जितके हवे तितके त्याने घ्यावे. सॉक्रेटिसाविषयी तर असे म्हटले जाते की त्याला पिणे आणि न पिणे दोन्ही सारखेच. प्रेमावरील ते अविस्मरणीय चिंतन या सक्तीच्या अभावातून सुरू होते, हा मला योगायोग वाटत नाही. जेथे पेला ऐच्छिक झाला तेथे बोलणे मुख्य झाले.

बंगाली ‘अड्डा’ याचीच साक्ष देतो. हावड्याच्या जुन्या वस्त्यांतील घरांच्या ओट्यांवर, चहाच्या टपऱ्यांवर, मातीच्या छोट्या भांड्यातील चहावर तासन् तास चालणाऱ्या त्या संवादाला मद्याची गरज भासत नाही. आश्विनी पौर्णिमेला आपण मसाल्याचे दूध घेऊन कोजागिरी जागवतो आणि त्याच रात्री बंगालमध्ये कोजागरी लक्ष्मीची पूजा होते. जागरणाला, गाण्याला, मोकळेपणाला निमित्त लागते. ते मद्यच असले पाहिजे असे नाही, हे दोन्ही समाजांना ठाऊक आहे.

मात्र हा ओटा सर्वांच्या वाट्याला येत नाही. हावडा हे तागगिरण्यांचे आणि ओतकामाच्या कारखान्यांचे शहर. बिहार, उत्तर प्रदेश, आंध्र येथून आलेल्या मजुराच्या खोलीत पाय पसरण्यापुरती जागा नसते. पाळी संपल्यावर बसावयास, ओळखीचा चेहरा पाहावयास, गावाकडची भाषा ऐकावयास जी जागा सहज मिळते ती पुष्कळदा गुत्त्याची असते. २०२२ च्या जुलैमध्ये हावड्याच्या घुसुडी भागात विषारी दारूने अनेक जणांचे बळी घेतले, तेव्हा ते लोक तेथे का गेले असा प्रश्न विचारला गेला. त्यांना दुसरीकडे कोठे जाता आले असते, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही. मध्यमवर्गीयाचे मद्य सोडणे हा त्याच्या स्वभावाचा प्रश्न असू शकतो; त्याच्यापाशी दुसऱ्या खुर्च्या असतात. मजुराने मद्य सोडले तर बहुधा त्याची एकमेव बैठक सुटते. वाचनालय, तालीम, भजनी मंडळ, नदीकाठचा बाकही येथे नीतीचा भाग ठरतो. ज्या समाजाने माणसाला बसण्याची दुसरी जागा दिली नाही, त्याला त्या माणसाच्या दुबळ्या मनावर प्रवचन करण्याचा अधिकार फारसा उरत नाही.

तेव्हा मद्यत्याग ही एकट्याची तपश्चर्या आहे ही समजूत अर्धीच खरी आहे. निश्चय एकट्याचा असतो. तो टिकतो तो अनेकांच्या वागण्याने. सोडणाऱ्याने उपदेश टाळावा, विस्मरण शिकावे. सोबत्यांनी आग्रह टाळावा, कारणे विचारू नयेत. आणि समाजाने ओटे बांधावेत. या तिन्हींत कोणतीही वीरश्री नाही. पण रिकामा पेला पालथा ठेवून पंक्तीत बसलेल्या माणसाला कोणी ‘का?’ असे विचारत नाही आणि त्याचे पान मात्र इतरांबरोबरच वाढले जाते, एवढे ज्या घरात घडते ते घर गडकऱ्यांच्या नाटकाला शंभर वर्षांनी उत्तर देते.